विझण्याची नोंद

कॉलेज रोडमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या लॅबचे पडदे काळे आहेत.
दिवा मी मेन रोडवरून आणला, एकशे ऐंशी रुपयांचा,
नोटा तपासायचा, दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो तो.
जांभळ्या उजेडात आधी शंभराची नोट धरते
(आमच्याच नाशिकरोडला छापली असेल),
तिच्यातला धागा पेटला की दिवा चालतोय असं समजायचं.
मग माझी पट्टी.

पट्टी म्हणजे साधा गाळणकागद,
टोल्युइनमध्ये विरघळलेल्या पॉलिमरात बुडवून वाळवलेला.
खिडकीशी नेला तर मळकट पिवळा,
हळदीचा हात पुसल्यासारखा.
दिव्याखाली निळा.
इतका निळा, की बागूल सर पहिल्यांदा बघून
काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले.

काम मात्र तिचं विझण्याचं.
स्फोटकाची वाफ, गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत
साखरेचा एक दाणा पडावा एवढीशी,
साखळीला एका जागी शिवली
की सगळी साखळी अंधारते.
मंडपातली जुनी माळ आठवा,
एक बल्ब गेला की पलीकडच्या खांबापर्यंत काळोख.
वायरमनला जे जन्मभर छळत आलं
त्याच्यावर माझी पीएचडी आहे.

कुंभमेळ्याआधी किट हवंय म्हणून
पंचवटीहून एक साहेब येऊन गेले.
"म्हणजे धोका नसला की उजेड, आणि असला की जातो?"
"हो."
"उलटं नाही करता येणार? लोकांना वाटेल सेल संपला."
सर हसले.
मला लाल बावटा आठवत होता.

देवळालीच्या रेंजकडेचं आमचं गाव.
बावटा चढला की गुरं आत,
बावटा उतरला की कचरूमामा बाहेर,
खांद्यावर गोणी. पितळेचा भाव वेगळा, लोखंडाचा वेगळा.
माझी सातवीतली सायकल त्या भावात आली.
आठवीची फी येणार होती.
त्या दिवशी त्याने उचललेलं एक लोखंड
अजून लोखंड झालेलं नव्हतं.

गेल्या रविवारी दिवा आणि पट्ट्या डब्यात घालून गेले.
मी काही म्हणायच्या आत
मामाने उजवा हात पुढे केला,
अंगठा आणि करंगळी.
मधल्या जागेवरून कापूस फिरवला, पट्टीला टेकवला,
दोघांनी गोधडीत डोकी घातली.
निळी. होती तशीच निळी.
"पास?"
"पास."
"सतरा वर्षं आंघोळ करतोय. व्हायलाच पाहिजे."

गोठ्यात खुंटीला ती गोणी अजून होती.
कोणी टाकली नव्हती, चांगली गोणी कोण टाकतं?
शेवग्याच्या वाळक्या शेंगा भरून ठेवलेल्या, बियाण्याच्या.
तळाच्या शिवणीत कापूस फिरवला.

पट्टी मधोमध विझली,
बुबुळाएवढी.

मामा पाठीमागे उभा होता, त्याने पाहिलं.
बोलला नाही.
खाली बसून शेंगा काढायला लागला,
एकेक, डाव्या हाताने,
आणि माझ्या ओढणीत टाकत गेला.

वहीत लिहिलं: नमुना एक्केचाळीस. ताग.
वय सतरा वर्षे, अंदाजे.
विझली. पुन्हा तपासणे.

सर सांगतात, वाऱ्यावर धरली
की वाफ सुटते, निळेपण परत येतं.
म्हणून परतीच्या एसटीत खिडकीबाहेर
दोन बोटांत धरून बसले होते,
भगूर गेलं, नाशिकरोडचा पूल आला.
उन्हात ती नुसती पिवळी दिसते.
आलं की नाही, कळायला अंधार लागतो.

कंडक्टर म्हणाला,
ताई, हात आत घ्या.